धीर देण्याचे काम माझ्याकडे

ता. ६ एप्रिल १९१४. जव्हार. सकाळ.

काल दिवेलागणीला नाशिकहून परत आलो. बैलांच्या धमणीत बसून बसून अंग आंबून गेले आहे. पण लिहिणे भाग आहे. अशा प्रसंगी माणसाने विचार कागदावर मांडले की मन ताब्यात राहते.

नाशिकच्या मडम डॉक्टरीणबाईंनी अनसूयेला तपासले. छातीतली गाठ कॅन्सरची. ऑपरेशन करून काढायची, आणि ती पावसाच्या आत. गाठ अजून सुटी आहे, आत रुतलेली नाही, म्हणून आशा चांगली आहे म्हणाल्या. उशीर केला तर मग त्या काहीच सांगू शकत नाहीत. हे त्यांनी मला आणि माझे मेहुणे हरिभाऊ यांना वेगळ्या खोलीत बोलावून सांगितले. हरिभाऊ मटकन खाली बसले. मी उभाच राहिलो. टेबल धरले होते, पण ते डुगडुगत होते म्हणून.

आमच्या आधी मडम अनसूयेशी दार लावून बराच वेळ बोलत होत्या. मराठी छान बोलतात. काय बोलल्या असतील कोण जाणे. बायकांचे विषय, लोणची-पापड.

ठरले ते असे. अनसूयेला यातले अक्षरही कळू द्यायचे नाही. तिचे मन कोमल, एकदम सोसणार नाही. योग्य वेळ पाहून टप्प्याटप्प्याने मीच सांगेन. तोवर तिला धीर द्यायचा. घरात एकाने तरी खंबीर राहिले पाहिजे. मूलबाळ नाही, घरात आम्ही दोघेच, त्यामुळे तो मीच.

येताना धमणीत तिने एवढेच विचारले, की इकडून काही खाल्ले का. बिचारीला कसलीच कल्पना नाही.

ता. ७ एप्रिल.

नवा प्रोग्रॅम: पहाटे पाचला उठणे, थंड पाण्याने स्नान, स्तोत्र, नंतर अर्धा तास मनोधैर्याचा विचार. आज साडेसातला उठलो. प्रवासाचा शीण होता. पहिल्याच दिवशी शरीरावर जुलूम केला तर ते पुढे बंड करते.

तपकीर सोडली. अनसूया पूर्ण बरी होईपर्यंत नाकाला लावायची नाही. डबी फडताळात वरच्या फळीवर ठेवली.

गुप्तता कडक पाळली. फक्त दुकानदार कांतीलालला सांगितले. त्याने मला पाहताच सवयीने तपकीर जोखायला घेतली. नको म्हटल्यावर कारण विचारले. रोजच्या दुकानदाराशी खोटे बोलणे बरे नव्हे. त्याला शपथ घातली आहे. कचेरीत हेडक्लार्कना सांगावे लागले, रजेचा प्रश्न आहे. आणि न्हाव्याला. गळ्यावर वस्तरा असताना माणूस काही लपवू शकत नाही.

याखेरीज कुणालाही नाही.

ता. ९ एप्रिल.

सकाळी दार उघडले तर अंगणात साखरशेत पाड्यावरची तीन-चार माणसे बसलेली. त्यांत फागू होता. याची बायको पोशी आमच्याकडे लाकडाची मोळी आणि करवंदे घेऊन येते. मागे एकदा बाजाराच्या दिवशी येताना तिला वाटेतच कळा सुरू झाल्या, तेव्हा तिची लेक गोदी आमच्या पडवीत जन्मली. अनसूयेने सगळे केले. मी त्या दिवशी कचेरीत मुद्दाम उशिरापर्यंत थांबून सहकार्य केले होते.

म्हटले, काय काम आहे? फागू म्हणाला, काम नाय, बसलूय. मी ओळखले. जंगलखात्याबद्दल गाऱ्हाणे असणार आणि मोकळे बोलायला भितात. स्पष्ट सांगितले की अर्ज कचेरीत घेतो, अकरानंतर, घरी नाही. त्यांनी मान डोलावली आणि बसून राहिले. एकाने बिडी पेटवली. मी कचेरीत गेलो. संध्याकाळी अनसूया म्हणाली, दुपारपर्यंत बसले आणि गेले. कचेरीत मात्र कुणीच आले नाही.

हा फागू मला सरळ "तू" म्हणतो. पण तो दिवाणसाहेबांनाही "तू"च म्हणतो, म्हणून सोडून दिले.

ता. ११ एप्रिल.

आज अनसूयेला धीर देण्यास प्रारंभ. व्याख्यान चार भागांत योजले आहे: संकट म्हणजे काय, संकटात मोठी माणसे कशी वागली, देहाची अनित्यता, आणि समारोप. रोगाचे नाव न घेता सर्वसाधारण बोलायचे.

ती तांदूळ निवडत होती. पहिला भाग सुरू केला. दोन-तीन वाक्यांतच डोळ्यांतून पाणी येऊ लागले. माझ्या. सध्या पाड्यापाड्यांवर राब भाजताहेत, शेतात पालापाचोळा जाळून जमीन तयार करतात, त्याचा धूर थेट गावात येतो. व्याख्यान थांबवावे लागले. तिने सुपातले हात झटकून मला पाणी आणून दिले आणि डोळे धुवायला सांगितले.

राबाच्या धुराबद्दल वर एक टिपण पाठवावे म्हणतो.

ता. १२ एप्रिल.

तपकीर घेतली. डाव्याच नाकपुडीत. संकल्प करताना दोन्ही नाकपुड्यांचा असा स्पष्ट उल्लेख केला नव्हता.

ता. १५ एप्रिल.

अंगणात आज आठ-दहा जण. साखरशेतचे होतेच, वावर गावचा बाबल्याही होता, तो इतक्या लांबून चालत आला. हे लोक कचेरीच्या अर्जासाठी येत नाहीत हे आता माझ्या लक्षात आले आहे. मागच्या वर्षी मी एका मोजणीच्या प्रकरणात निःपक्षपाती शेरा लिहिला होता. ही गोष्ट डोंगरात पसरली असावी. माणूस कामात सचोटी ठेवतो, आणि लोक न बोलता दाद देतात. याला म्हणतात पॉप्युलॅरिटी.

तेव्हा या संधीचा लोकशिक्षणासाठी उपयोग करायचे ठरवले. पायरीवर उभा राहून आरोग्य आणि स्वावलंबन यांवर बोललो. फार शांतपणे ऐकले. बाबल्या आडवा होऊन ऐकत होता.

आत येऊन पाहिले तर अनसूया खिडकीशी उभी होती आणि पदर तोंडाला लावून हसत होती. ती हसली हे पाहून फार बरे वाटले. माझ्या धीर देण्याचा गुण दिसू लागला म्हणायचा.

ता. १८ एप्रिल.

अनसूयेला अलीकडे एक चमत्कारिक लहर आली आहे. मला चुलीशी बसवते. भात कसा करायचा, पाणी किती घालायचे, आमटीला फोडणी केव्हा द्यायची. मी म्हटले, सतरा वर्षांत याची गरज पडली नाही. म्हणाली, गंमत. आज माझा भात खाली लागला आणि वर कच्चा राहिला. तिने तोच खाल्ला आणि उद्या पुन्हा करायचा म्हणाली.

शिवाय बरण्या एका ओळीत लावून ठेवल्या आहेत. मीठ कुठे, तिखट कुठे, पापड कुठल्या डब्यात, हे माझ्याकडून रोज पाठ म्हणून घेते. उन्हाळी कामांत बायकांना उगीच शिस्त सुचते. आपले एक चांगले जुने लुगडेही पोशीला देऊन टाकले. मी नापसंती दर्शवली. ती म्हणाली, ठेवून काय करायचंय?

मी खिडकी लावून घेतली. धुराने डोळे चुरचुरले.

ता. २० एप्रिल.

हरिभाऊ गावाहून आले. तारीख ठरवा म्हणतात. मडमना कळवायचे आहे.

मी शांतपणे परिस्थिती समजावून सांगितली. एक तर पेशंटला अजून कल्पना दिलेली नाही आणि माझे व्याख्यान दुसऱ्या भागापर्यंतच आले आहे. दुसरे, दिवाणसाहेबांचे इन्स्पेक्शन आहे आणि दप्तर माझ्या हाती. तिसरे, धमणीचा डावा बैल लंगडतो. चौथे, मुहूर्त. असल्या बाबतीत घाई करतात ती घाबरट माणसे.

हरिभाऊ म्हणाले, नाचता येईना अंगण वाकडे. माणूस मुळात चांगला, पण बोलताना तोल राहत नाही. पुढे म्हणाले, "अहो, नद्या भरल्या की घाटापलीकडे जाता यायचं नाही. मग चार महिने नुसती ती गाठ बघत बसणार का?"

हे त्यांनी फार मोठ्याने म्हटले. मी त्यांना गप्प केले, कारण अनसूया माजघरात होती. ती चहा घेऊन आली तेव्हा तिचा चेहरा नेहमीसारखाच होता. दैवानेच खैर केली, तिला ऐकू गेले नाही.

रजेचा अर्ज उद्या नक्की देणार.

ता. २२ एप्रिल.

रजेचा अर्ज लिहिला. अक्षर नीट आले नाही, म्हणून फाडला.

तपकीर आता दोन्ही नाकपुड्यांत. एकीकडूनच घेतल्याने डोके कलल्यासारखे वाटत होते.

ता. २३ एप्रिल.

आज पहिला टप्पा सांगायचाच, असा निश्चय करून जेवायला बसलो. सुरुवात सौम्य ठेवली. म्हटले, अनसूये, माणूस हा नश्वर आहे. ती म्हणाली, हो, आणि आमटीत मीठ कमी आहे का? मी चाखून पाहिले. बरोबर होते. मग पुढचे वाक्य राहिले.

हात धुवायला मागच्या दारी गेलो आणि तिथेच बराच वेळ थांबलो. धूर फार होता.

संध्याकाळी कांतीलालच्या दुकानी हा धुराचा विषय काढला. तो म्हणाला, अप्पासाहेब, राब तो कवाचे संपले, आता कुठला धूर? हा मनुष्य दिवसभर मसाल्यात बसतो, त्याच्या डोळ्यांना धूर काय कळणार. शिवाय त्याने आपण होऊन अनसूयेसाठी जुन्या गुळाची ढेप बांधून दिली आणि शपथ घातलेली असताना "बेनला सांभाळा" असे चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाला. ती चार गिऱ्हाइकेही होकारार्थी मान हलवीत होती. या गावात कोणावर विश्वास टाकायची सोय राहिली नाही.

ता. २७ एप्रिल.

अंगणातल्या गर्दीला आळा घालणे भाग पडले. आता बायकामुलेही येतात. कुणी करवंदांची टोपली ठेवून जाते, कुणी पाण्याचा हंडा. कांतीलालने विचारले, देऊळ काढलंय की काय? मी पायरीवर येऊन सांगितले की उद्यापासून अंगणात बसण्यास मनाई आहे, आणि माझे उद्बोधनही तूर्त बंद राहील.

कोणी हलले नाही. तेवढ्यात अनसूया बाहेर आली. लोकांसमोर ती माझ्याशी कधी बोलत नाही. आज बोलली. म्हणाली, "बसू द्यावं त्यांना."

इतकेच. आणि आत गेली. मी हुकूम मागे घेतला. दयाळूपणा हाही खंबीरपणाचाच भाग आहे.

दुपारी लवकर घरी आलो. ओसरीवरून स्वयंपाकघरातले दिसले. पोशी अनसूयेच्या मागे बसून तिचे केस विंचरत होती आणि अनसूया रडत होती. आवाज न करता, आणि थांबतच नव्हती. पोशीने काही समजावले नाही, संकट म्हणजे काय वगैरे काही नाही. ती नुसती केस विंचरत राहिली. मग अनसूयेने मागे डोके टेकले आणि पोशीने फणी बाजूला ठेवून तिला धरले.

मी चपला हातात घेऊन परत अंगणात आलो. फागूने बसायला जागा केली. मला उभे राहायचे होते, तरी बसलो, कारण पाय दुखत होते.

बहुधा कांदे चिरले असावेत.

ता. २९ एप्रिल.

पहाटे पाचला उठलो. झोपच लागली नव्हती, त्यामुळे उठणे सोपे गेले. थंड पाण्याने स्नान राहिले. प्रोग्रॅम हळूहळू बसतो आहे.

ता. २ मे.

हरिभाऊ धमणी घेऊन आले. त्यांचीच, दोन्ही बैल धड. मडमनी ऑपरेशनचा दिवस सात मे दिला आहे. मला कोणी विचारले नाही. अनसूयेचे बोचके बांधून तयार होते. म्हणजे तिला कल्पना असणार, निदान प्रवासाची. आता सांगण्यावाचून गत्यंतर नाही म्हणून तिला माजघरात बोलावले, चारही भाग एकत्र करून सांगावे असे ठरवले, आणि घसा खाकरला.

ती म्हणाली, "मडमनी त्याच दिवशी मला सगळं सांगितलं. गाठ कसली, काय कापायचं, सगळं. इकडे कसं सांगावं, तेच मला सुचेना. आधी इकडचाच धीर सुटायचा."

मी खाटेवर बसलो. खाट जवळच होती.

मग म्हटले, चल, मी येतो. खरोखर म्हटले. ती म्हणाली, इकडून येऊ नये. तिथे रक्त असतं, वास असतो, मला कापायला नेलं की इकडच्यानं बाहेर बसवणार नाही. मी तिथे असले तर मला माझ्याकडेच बघू द्यावं, दुसऱ्याची काळजी नको. मी इन्स्पेक्शनची आठवण करून दिली. ती लगेच म्हणाली, हो, इन्स्पेक्शन आहे ना. तेव्हा कर्तव्याला स्मरून मी थांबलो. तिचा हट्टच होता.

धमणी वळणाआड जाईपर्यंत उभा होतो. शेवटी हात हलवायचा होता, पण नेमका फेटा सुटला आणि तो सांभाळण्यात गेला.

ता. ३ मे.

रात्रभर घर फार मोठे वाटले.

सकाळी मीठ सापडले, तिखट सापडले, पापड सापडले. भात बरा झाला. कुणाला तरी दाखवावा म्हणून दार उघडले तर अंगण नेहमीसारखे भरलेले. फागू, बाबल्या, पोशी, गोदी, आणखी कितीतरी. मला वाईट वाटले. त्या लोकांना काहीच कळलेले नाही, तिच्यासाठी उगीच इतक्या लांबून चालत आले. मी म्हटले, बाई काल नाशिकला गेल्या, आता तुम्ही बसून काय उपयोग? त्या घरी नाहीत.

फागूने बिडी विझवली. म्हणाला, "बाय गेली ती आमाला ठावं हाय. बायसाठी नाय बसत आमी. पयल्या दिसापासून तुझ्यासाठीच बसतू."

मला समजले नाही. त्याने सावकाश सांगितले, जसे मी त्यांना आरोग्य सांगत असे. नाशिकहून आल्यावर बाईने पोशीला सगळे सांगितले. साखरशेत आनू का बसायला, असे पोशीने विचारले. बाई म्हणाली, मला नको, माझे मी बघते, दादाकडे बसा. तो फार भितो आणि कुणाला सांगत नाही.

"आमच्यात असाच हाय," फागू म्हणाला. "दुखतं त्याला औषद. भितो त्याच्याकडं माणसं."

मी आत येऊन दार लावले. दार लावल्यावर लक्षात आले की असे केल्याने त्याचे म्हणणे खरे ठरते. म्हणून पुन्हा उघडले.

भाताचे पातेले बाहेर नेऊन ठेवले. सगळ्यांनी थोडा थोडा खाल्ला. पोशी म्हणाली, बायनी चांगला शिकवला.

ता. ५ मे.

इन्स्पेक्शन नाही. दिवाणसाहेब महाबळेश्वरला गेले. हेडक्लार्क म्हणाले, आठ दिवसांपूर्वीच कचेरीत कळवले होते, तुम्ही कुठे होतात? मी तिथेच होतो. ऐकले नसावे.

आता नाशिकला जायला हरकत कोणतीच नाही. फक्त धमणी मिळणार नाही. शिवाय दगडावर घसरून उजव्या टाचेला ठणका लागला आहे. आणि अनसूयेने स्वतःच नको म्हटले आहे. पेशंटच्या इच्छेविरुद्ध जाणे योग्य नाही. आणि घर कोण सांभाळणार.

हे सगळे अंगणात मोठ्याने बोललो असे दिसते. कारण फागू उठला, त्याने काठी घेतली, पोशीने गोदीला बाबल्याच्या बायकोकडे दिले आणि फडक्यात भाकरी बांधल्या. फागू म्हणाला, चल. कुठे, असे मी विचारले. म्हणाला, बायकडं. उद्या उजाडता निघू.

टाचेचे सांगितले. त्याने टाच बघितली. म्हणाला, चालशील.

ता. ६ मे. मोखाडा. संध्याकाळ.

चालत इथवर आलो. एका ओळखीच्या पडवीत मुक्काम आहे. फेटा डोक्याखाली घेतला आहे.

नाचणीची भाकरी खाल्ली, पोशीच्या हातची, मिरची आणि मीठ लावून. आमच्या घरात हे चालत नाही. पण प्रवासात पथ्ये शिथिल असतात, आणि दुसरे काही नव्हते, आणि मी तीन खाल्ल्या.

वाटेत एका चढावर बसकण मारली. म्हटले, पुढे येत नाही. मडम बाहेर येऊन काय सांगतील ते मला ऐकायचे नाही. ती गेली तर मी त्या घरात राहू शकणार नाही. मीठ कुठे आहे ते मला माहीत आहे, तरी राहू शकणार नाही. मला भीती वाटते. पहिल्या दिवसापासून वाटते. टेबल डुगडुगत नव्हते.

असे सगळे बोललो. फागू आणि पोशी दोन्ही बाजूंना बसले. मी रडायचा थांबल्यावर पोशीने पाणी दिले, आणि आम्ही निघालो.

वरील मजकूर थकव्यात लिहिला आहे. सकाळी पुन्हा वाचून योग्य ती दुरुस्ती करीन.

ता. ८ मे. नाशिक.

पोचायला उशीर झाला. ऑपरेशन काल झाले. हरिभाऊ दवाखान्याच्या दारातच भेटले आणि मला पाहून इतके चकित झाले की त्यांना टोमणा सुचला नाही. मडम म्हणाल्या, गाठ पूर्ण निघाली, पेशंट धीराची आहे. पुढचे पुढे, पण आज तरी चांगले आहे. आत एकेकाने जावे, तिला बोलायला लावू नये. मला एकट्याला आत जायला सांगितले. मी म्हटले, हे दोघे माझ्याबरोबर आहेत. मडमनी फागूच्या आणि पोशीच्या धुळीने भरलेल्या पायांकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले, आणि तिघांनाही आत सोडले.

अनसूया पडून होती. पांढरी फटक. छातीवर पट्ट्यांचे मोठे वेटोळे. डोळे उघडे होते. मी वाटेत एक वाक्य तयार करून ठेवले होते, धीराचे, छोटेसे, तिला थकवा येणार नाही इतके. ते सुरू करण्यासाठी मी पुढे झालो.

तिने माझ्याकडे पाहिले, चेहराभर हसली, आणि मग माझ्या खांद्यावरून फागूकडे बघत अगदी बारीक आवाजात विचारले, "वाटेत त्रास नाही ना दिला?"

फागू म्हणाला, "नाय. मोखाड्याच्या अलीकडं थोडा रडला. मंग चालला नीट."

ती म्हणाली, बरं झालं. आणि माझा हात धरून झोपली. मला काही करायला कोणी सांगितलेले नाही. बसलो आहे.